खुर्चीतल्या बाईशेजारची मुलगी

मी, खाली सही करणारा, वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी (संग्रहालयात एक्स-रे तंत्रज्ञ), राहणार संग्रहालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिना चढून उजवीकडचे पहिले घर. आज २६ तारखेस दुपारी सव्वातीन वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, काही विचारल्यावरून आणि काही न विचारताच, सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी, पत्नी व वडील (वय ८४) असे तिघे राहतो. वडील याच संग्रहालयात सुतारकाम व चित्रांची डागडुजी करत होते. आता निवृत्त आहेत. डोळ्यांना कमी दिसते, कानांना मात्र नको तेवढे ऐकू येते. मला एक सख्खा धाकटा भाऊ आहे, वय ४६. तो डागडुजी विभागाचा प्रमुख आहे. म्हणजे अकरा दिवसांपूर्वीपर्यंत होता, सध्या निलंबित आहे. एका जुन्या चित्राची त्याने परवानगी नसताना नासधूस केली, अशी संचालक मॅडमची तक्रार आहे. गुन्हा शाबीत झाला तर त्याची नोकरी जाईल आणि कोणतेही संग्रहालय त्याला पुन्हा जुन्या चित्राला हात लावू देणार नाही, असे ठाण्याच्या साहेबांनी मला सांगितले. हे मला आधीपासून ठाऊक होते.

मला आज फक्त एवढेच विचारायला बोलावले आहे की सदर चित्राचे एक्स-रे कोणी व कधी काढले. मी काढले, ३ तारखेस, सकाळी साडेदहा ते बारा. एवढे सांगून मला जाता आले असते. साहेबही म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा." पण तेवढे पुरे नाही.

माझे काम असे आहे. चित्र टेबलावर उताणे ठेवायचे, त्याच्या तोंडावर फिल्म अंथरायची आणि टेबलाखालून किरण सोडायचे. जुन्या चिताऱ्यांचा पांढरा रंग शिशाचा असे. शिशातून किरण सहज जात नाहीत, म्हणून जिथे पांढरा लावला तिथे प्लेटवर उजळ दिसते. बाकीचे बरेच रंग जणू नाहीतच असे होऊन जातात. चिताऱ्याने आधी काय काढले, मग काय झाकले, कुठे हात अडखळला, कुठे कंटाळा केला, सगळे प्लेटवर येते. घरच्या माणसांपेक्षा मी मेलेल्या चिताऱ्यांना जास्त ओळखतो, असे माझी पत्नी म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणत नाही. वसाहतीतले लोक मला डॉक्टर म्हणतात व दुखरा गुडघा घेऊन दारात येतात. माझ्या मशीनला माणसे चालत नाहीत, हे मी त्यांना तेवीस वर्षे सांगतो आहे.

भावाशी संबंध कसे होते, असे विचारल्यावरून मी आधी "चांगले" असे सांगितले. ते लिहिले गेले असल्यास खोडावे. मी त्याला लहानपणापासून पाण्यात पाहतो. तो शेंडेफळ. वडील सुटीच्या दिवशी आम्हा दोघांना कामाच्या खोलीत नेत, त्याच्या हातात ब्रश देत आणि माझ्या हातात दिवा. "तू नीट धर, त्याला दिसू दे." मी नीट धरत असे. दिवा हलला असे कोणी कधी म्हटले नाही आणि नीट धरला असेही कोणी म्हटले नाही. पुढे मी किरणांचे शिक्षण घेतले तेव्हा वडील म्हणाले, "बरं झालं, धाकट्याला उपयोग होईल."

आज वडिलांना आंघोळ मी घालतो, नखे मी कापतो, औषधे मी देतो. भाऊ रविवारी येतो, त्यांच्या पायाशी तासभर बसतो आणि जातो. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत वडील मला विचारतात, "आज वार कोणता?" तक्रारीशी याचा संबंध नाही असे साहेबांचे मत पडले. माझ्या मते आहे.

सदर चित्र लाकडी फळीवरचे आहे. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचे, चितारी माहीत नाही. उंच पाठीच्या खुर्चीत एक बाई बसली आहे, बाहीला लेस आहे, डावे कोपर खुर्चीच्या हातावर आहे. शेजारी नुसता काळपट अंधार रंगवला आहे. संग्रहालयात सगळे तिला खुर्चीतली बाई म्हणतात. फळी अंगठ्याएवढी जाड असून पाठीमागून तपकिरी रंगाने सपाट रंगवलेली आहे. नवीन प्रदर्शन उघडण्यापूर्वी डागडुजी करायची म्हणून ते चित्र माझ्याकडे आले.

३ तारखेच्या प्लेटवर जे दिसले ते असे. फळी एक नसून दोन, लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. किडीची भोके. मागच्या बाजूने ठोकलेले दोन खिळे, जोडावर आडवी पट्टी मारली असावी, तिचे. बाईचे डोके आधी डावीकडे झुकलेले होते, नंतर सरळ केले. हातात आधी काहीतरी गोल होते, वाटी किंवा आरसा, ते चिताऱ्याने खरवडून काढले. बाहीची लेस मात्र एका दमात, पाच-सहा फटकाऱ्यांत, कुठेही दुरुस्ती न करता उतरवली आहे. तो माणूस चेहऱ्याला घाबरत असे आणि कापडात रमत असे. असा माणूस मला आवडतो.

आणि खुर्चीच्या शेजारी, जिथे चित्रात नुसता अंधार आहे तिथे, प्लेटवर एका मुलीचा चेहरा होता. आठ-नऊ वर्षांची, अर्धवट रंगवलेली.

मी भावाला हाक मारली. तो आला, प्लेट उजेडावर लावली. मग म्हणाला, "दादा, ही अडीचशे वर्षं अंधारात बसलीय रे." असे बोलणे त्याला सुचते. मला अशा वेळी फक्त किती वेळ किरण सोडले ते आठवते. चिताऱ्याने आधी आई आणि मुलगी दोघी रंगवल्या, मग कोणत्या तरी कारणाने मुलीला अंधाराने झाकले, असा अर्थ त्याने लावला. मॅडमना तो इतका आवडला की दोन दिवसांत पेपरवाले आले.

९ तारखेस बातमी छापून आली. भावाचा मोठा फोटो, हातात माझी प्लेट. प्लेट त्याने उलटी धरली आहे, मुलगी खुर्चीच्या भलत्याच बाजूला गेली आहे. बातमीत लिहिले होते, "लपलेल्या मुलीला शोधणारा जादुई हात." एक्स-रे कोणी काढला याबद्दल एक ओळ होती, "तांत्रिक साहाय्य संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी केले." पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, भाऊजींचा फोटो आलाय, बाबांना वाचून दाखवू का?" तिने बातमी वाचून दाखवली. वडिलांनी तीन वेळा वाचायला लावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी त्या दिवशी न जेवता कामावर गेलो.

१० तारखेस जेवणाच्या सुटीत मी खोलीत एकटा होतो. पहिली प्लेट पुन्हा लावून बघितली. बाईची लेस सुईसारखी स्पष्ट होती. मुलीच्या कडा किंचित पसरट होत्या. हे मला ३ तारखेलाच दिसले होते, पण तेव्हा मी त्याला महत्त्व दिले नव्हते. एक्स-रेचा एक दोष असा की तो पुढचे आणि मागचे एकाच पातळीवर दाखवतो. फळीच्या तोंडावर काय आणि पाठीवर काय, हे प्लेट सांगत नाही. त्यासाठी मशीन वीतभर बाजूला सरकवून दुसरी, तिरपी प्लेट काढावी लागते. फिल्मला चिकटून जे असेल ते जागेवर राहते, लांब असेल ते सरकते. डोळ्यांसमोर बोट धरून एकदा हा आणि एकदा तो डोळा मिटला की बोट उडी मारते, तसाच हा प्रकार आहे.

मी तिरपी प्लेट काढली. बाई जागेवर राहिली. लेस जागेवर राहिली. पाठीमागचे दोन खिळे तांदळाच्या दाण्याएवढे सरकले, आणि मुलगीही तेवढीच सरकली. म्हणजे ती अंधाराखाली नव्हतीच. ती फळीच्या पाठीवर होती, तपकिरी रंगाखाली. ही प्लेट मी कोणालाही दाखवली नाही. ती माझ्या खणात ठेवली. आज सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी.

११ तारखेस सकाळी वडिलांची नखे कापताना मी त्यांना विचारले, "बाबा, खुर्चीतल्या बाईच्या पाठीला तपकिरी रंग कोणी मारला होता हो?"

ते म्हणाले, "मीच की. कीड लागली होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, मारा रंग, मी मारला. पण जिवावर आलं होतं बघ. मागे कुणीतरी एका पोरीचं चित्र अर्धं काढून सोडलं होतं. नाक काय सुरेख होतं तिचं."

"त्याची कुठे नोंद केली होती का?"

"आमच्या वेळी कसली नोंद. साहेबांनी सांगायचं, आम्ही करायचं." मग माझा हात धरून म्हणाले, "हे आजच्या आज धाकट्याला सांग हं. त्याच्या कामाचं आहे."

मी "सांगतो" म्हणालो. उरलेली नखे कापली आणि कामावर गेलो.

खरे सांगायचे तर तेव्हा माझ्या मनात काही पक्के नव्हते. एवढेच वाटले की ही एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही. ती एक-दोन दिवस तरी माझ्याकडेच राहावी. वडिलांनी तीही त्याच्याच ताटात वाढायला सांगितली, हे मला झोंबले.

१३ तारखेस, शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास भाऊ माझ्या खोलीत आला. मॅडमनी त्याला अंधाराच्या भागात टपाल तिकिटाएवढी खिडकी उघडायची लेखी परवानगी दिली होती. म्हणजे तेवढ्या जागेवरचा वरचा रंग काढून खाली काय आहे ते पाहायचे. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाची पत्रके छापायला जायची होती व त्यावर मुलीचा डोळा तरी हवा, असे मॅडमचे म्हणणे होते. भाऊ खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "दादा, एकदा तिरपी काढून बघायची का? मला धाकधूक वाटतेय."

मी म्हणालो, "गरज नाही. लख्ख दिसतंय."

तो म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे झालं." उठताना पुन्हा म्हणाला, "उद्या येतोच आहे घरी, बाबांनाही विचारतो. त्यांनी ती फळी हाताळलीय."

मी म्हणालो, "उद्या नको येऊस. बाबांना बरं नाही, झोपू दे त्यांना." वडिलांना काहीही झालेले नव्हते. रविवारी ते संध्याकाळपर्यंत दाराकडे कान लावून बसले होते. भावाला काम निघाले असे मी त्यांना सांगितले.

१५ तारखेस, सोमवारी, संग्रहालय बंद असते. भावाने सकाळी अकरा वाजता काम सुरू केले. त्याची खोली माझ्या खोलीच्या समोर आहे, मध्ये फक्त गल्लीसारखी वाट. दार उघडे होते. मी तीन वेळा दारापर्यंत गेलो. साडेअकरा वाजता टपाल तिकिटाएवढी खिडकी झाली होती व खाली पांढरट थर होता, तोंड नव्हते. एक वाजून वीस मिनिटांनी ती तळहाताएवढी झाली होती. एका कोपऱ्यात लाकूड दिसत होते. भाऊ कंपासने प्लेटवर माप घेत होता आणि तेच माप फळीवर धरत होता. माप बरोबर होते. डोळा तिथेच असायला हवा होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने माझ्याकडे न बघता सांगितले, "दादा, थोडंसंच राहिलंय. इथेच आहे ती."

त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर फक्त अंधार गेला असता. मी चहा प्यायला गेलो.

सव्वातीन वाजता तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याचे रसायन बाईच्या बाहीपर्यंत पोचले होते. ती एका दमात काढलेली लेस कापसाच्या बोळ्यावर आली होती. कोपर गेले होते. भाऊ खाली जमिनीवर बसला होता, हातात तो बोळा. मला बघून म्हणाला, "दादा, ती नाहीये." मी त्याला उठवले, तोंड धुवायला लावले, पाणी दिले. हे सगळे मी फार मायेने केले. त्या वेळी मला आतून बरे वाटत होते. हे लिहून घ्यावे.

चार वाजता मॅडम आल्या. पुढचे तक्रारीत आहे. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे तज्ज्ञ आले, त्यांनी फळी पालथी केली, पाठीच्या रंगाचा एक कोपरा साफ केला आणि मुलीचा कान दिसला. ती पूर्ण शाबूत आहे. आता संग्रहालयाकडे पाठीवर धडधाकट मुलगी आहे आणि तोंडावर कोपर नसलेली बाई आहे. एवढ्या जाणत्या माणसाने अशी चूक केलीच कशी, असे सगळे म्हणतात. काही जण म्हणतात, प्रसिद्धीची हाव. काही म्हणतात, फोटो डोक्यात गेला. मी दहा दिवस हे ऐकले आणि मूग गिळून बसलो.

२१ तारखेस, रविवारी, भाऊ घरी आला. नेहमीप्रमाणे वडिलांच्या पायाशी बसला. वडिलांना वसाहतीतल्या बायकांकडून सगळे कळलेच होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. वडील त्याला म्हणाले, "अरे, पण दादाने सांगितलं होतं ना तुला, ती पोरगी पाठीवर आहे म्हणून? मीच त्याला सांगायला पाठवलं होतं."

भावाने माझ्याकडे बघितले. किती वेळ बघितले ते सांगता येणार नाही. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "हो बाबा. सांगितलं होतं दादाने. माझ्याच डोक्यातून गेलं."

वडिलांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाले, "असू दे रे राजा. चुकतं माणसाचं." जाताना जिन्यात मी त्याला गाठले. त्याने चपला घातल्या आणि एवढेच म्हणाला, "त्यांना या वयात कळायला नको, दादा." माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी सुटलो असतो.

आज साहेबांनी भावाचा २३ तारखेचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात त्याने लिहून दिले आहे की, "माझ्या थोरल्या भावाने तिरपी प्लेट काढायचा आग्रह धरला होता व मुलगी मागच्या बाजूस असू शकते असे सांगून मला सावध केले होते. मी घाईत ऐकले नाही. त्याचा या प्रकाराशी काही संबंध नाही." हे बरोबर आहे का, असे साहेबांनी विचारले. मी नुसती मान हलवली असती तरी काम झाले असते.

भावाच्या जबाबातील तो भाग खोटा आहे. मी आग्रह धरला नाही. मी सावध केले नाही. मला १० तारखेपासून माहीत होते, ११ तारखेपासून खात्री होती, १३ तारखेस त्याने विचारले तेव्हा मी मुद्दाम खोटे सांगितले आणि १५ तारखेस दारात उभे राहून बघत बसलो. त्याची चूक एवढीच की त्याने परवानगीपेक्षा जास्त रंग काढला. का काढला, तर माझ्यावर विश्वास होता म्हणून.

मी पश्चात्तापाने सांगतो आहे असे साहेबांनी लिहू नये. पश्चात्ताप असेल तर तो मागाहून येईल. तूर्त मला त्याचा रागच आहे. चित्र त्याचे बिघडले, नोकरी त्याची चालली, आणि तरी मोठा तोच ठरला. वडिलांकडून क्षमाही त्यालाच मिळाली, मी केलेल्या गोष्टीची. उद्या हे प्रकरण मिटेल आणि मी जन्मभर त्याने पदरात घेतलेला माणूस म्हणून जगेन. ते मला नको. हे काम त्याचे नाही, माझे आहे. निदान हे तरी माझ्या नावावर लिहा.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. तारखा व वेळा मी बोटावर मोजून ताडून बघितल्या, त्या बरोबर आहेत. वाचता वाचता ते "मुद्दाम" या शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, "काका, हा काढू का? नसला तरी चालेल." राहू द्या, असे मी सांगितले. तो ठेवून खाली सही करत आहे.